तिकीट कुणाच्या हाती?

उरणची बंडखोरी, अमेरिकेची प्रायमरी आणि मतदाराचा राहून गेलेला हक्क

२०१९च्या विधानसभा निवडणुकीत उरणच्या मतदानयंत्रावर कमळ नव्हते. भाजप आणि शिवसेना यांची युती होती, जागावाटपात उरण शिवसेनेकडे गेले होते आणि शिवसेनेने आपले विद्यमान आमदार मनोहर भोईर यांना पुन्हा उभे केले होते. समोर शेतकरी कामगार पक्षाचे जुनेजाणते नेते विवेक पाटील होते. भाजपचे महेश बालदी यांनी मात्र माघार घेतली नाही. ते अपक्ष म्हणून लढले. २४ ऑक्टोबरला मतमोजणी झाली तेव्हा ते ५,७१० मतांनी विजयी झाले होते. युतीचा अधिकृत उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होता आणि शेकाप तिसऱ्या.

हा निकाल लागला तेव्हा त्याची चर्चा 'बंडखोरी' या एकाच अंगाने झाली. माझ्या मते त्या दिवशी उरणमध्ये एकाच मतपत्रिकेवर दोन निवडणुका उरकल्या गेल्या. उरणचा आमदार कोण, ही एक. युतीचा खरा उमेदवार कोण असायला हवा होता, ही दुसरी. यातली दुसरी निवडणूक काही महिने आधी, वेगळी आणि उघडपणे व्हायला हवी होती. ती घेण्याची सोय आपल्याकडे कुठल्याच मोठ्या पक्षात नाही. म्हणून मतदारांनी ती शेवटच्या दिवशी स्वतःच घेतली.

अमेरिकेत या दुसऱ्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. तिथल्या प्रायमरीने काय दिले आणि काय बिघडवले, हे उरणच्या अनुभवाशेजारी ठेवून पाहिले तर आपल्याला तिच्यातले काय घ्यायचे आणि काय टाळायचे ते कळू शकते.

एबी फॉर्मची रात्र

आपल्याकडे तिकीट कसे मिळते, हे कुठल्याही कार्यकर्त्याला ठाऊक असते. निवडणूक जवळ आली की पक्षाचे निरीक्षक येतात, इच्छुकांच्या मुलाखती होतात, शक्तिप्रदर्शने होतात. मग याद्या मुंबईला जातात, मुंबईहून दिल्लीला किंवा 'वरती' जिथे निर्णय होत असेल तिथे. आघाडी किंवा युती असेल तर त्याआधी जागा कुणाची हा प्रश्न सुटावा लागतो, आणि तो मतदारसंघाबाहेर बसलेले लोक सोडवतात. निवडणूक चिन्हांविषयीच्या १९६८च्या आदेशानुसार पक्षाने दिलेले 'ए' आणि 'बी' हे दोन नमुने अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचले, की तो माणूस पक्षाचा उमेदवार. हे दोन कागद कुणाच्या नावाने आले एवढेच कायदा पाहतो. ते नाव कसे ठरले, हे विचारत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली पक्षांची नोंदणी होते, पण उमेदवार सदस्यांच्या मताने निवडा, असे बंधन त्यात नाही. पक्षांतर्गत लोकशाही कायद्यात आणा, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ मध्ये आपल्या १७०व्या अहवालात केली. ती कागदावरच राहिली.

ज्याला तिकीट नाकारले जाते त्याच्यापुढे मग दोनच वाटा उरतात. निष्ठावंत म्हणून गप्प बसायचे, नाहीतर अपक्ष अर्ज भरायचा. महाराष्ट्राने दुसरी वाट वारंवार पाहिली आहे. १९९५ मध्ये विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर राज्यातले पहिले युती सरकार उभे राहिले. २०१९ मध्ये अपक्षांची संख्या १३ होती, २०२४ मध्ये ती दोनवर आली. २०२४च्याच लोकसभेत सांगलीची जागा महाविकास आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली, तेव्हा वसंतदादा पाटलांचे नातू विशाल पाटील अपक्ष लढले, सुमारे एक लाख मतांनी जिंकले आणि निकालानंतर काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र देऊन आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. सांगलीच्या मतदारांनीही उरणसारखाच नेत्यांचा निर्णय बदलून दिला.

लाल बावट्याची भूमी

उरणमध्ये हे घडणे साधे नव्हते, कारण इथे पक्ष म्हणजे घराण्यासारखी पिढीजात निष्ठा असे. आगरी, कोळी, कराडी समाजाची ही भात, मीठ आणि मासळीची भूमी. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात इथल्या माणसांनी गोळ्या झेलल्या. स्वातंत्र्यानंतर शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा गावोगाव गेला तो शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर लढूनच. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेपर्यंत उरण तालुका पनवेल विधानसभेत मोडत असे. तिथून जासईच्या शेतकरी कुटुंबातले, वकिली शिकलेले दि. बा. पाटील १९५७पासून पाच वेळा आमदार झाले. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, मोबदला तुटपुंजा मिळाला, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये जासई, दास्तान, नवघरच्या रस्त्यांवर हजारो शेतकरी उतरले. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे धोरण आले, त्याच्या मुळाशी हे रक्त आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस देशभर काँग्रेसची प्रचंड लाट असताना या भागाने दिबांना लोकसभेत पाठवले.

'लोकांच्या हातात उमेदवारी द्या' असे म्हणताना दिबांची ही वाटचाल विसरून चालणार नाही. त्या काळच्या शेकापमध्ये उमेदवार चिटणीस मंडळाच्या बैठकीत ठरत. प्रायमरी नव्हती. तरीही पैसा आणि घराणे पाठीशी नसलेला शेतकऱ्याचा मुलगा आमदार, विरोधी पक्षनेता, खासदार झाला. कारण पक्ष आंदोलनातून उभा होता. लाठी कोण खातो, रात्री-अपरात्री कोण धावून येतो, हे गावाला दिसत होते आणि पक्षाला ते मान्य करावे लागत होते. आंदोलन हीच उमेदवाराची परीक्षा होती.

मग काळ बदलला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. भाताच्या खाचरांवर कंटेनर यार्ड उभे राहिले. भूखंड, वाहतुकीचे ठेके, गोदामे यांभोवती पैसा फिरू लागला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. उलवे आणि द्रोणागिरीच्या इमारतींत बाहेरून आलेला मतदार राहू लागला. जुन्या प्रश्नांत नवे मिसळले: गरजेपोटी बांधलेली घरे, गावठाण विस्तार, बंदरातल्या नोकऱ्या, मच्छीमारांची भरपाई, अवजड वाहनांखाली जाणारे जीव. २००९ मध्ये नव्या उरण मतदारसंघातली पहिली निवडणूक विवेक पाटलांनी जिंकली. २०१४ मध्ये सगळे पक्ष वेगवेगळे लढले आणि मनोहर भोईर यांनी ती जागा अवघ्या ८११ मतांनी घेतली. त्या निवडणुकीत भाजपच्या चिन्हावर बालदींनी तीस हजारांहून अधिक मते मिळवली होती. २०१९च्या बंडामागे ही मते होती. युतीच्या वाटपात त्यांचा हिशेब धरला गेला नव्हता.

आगरी-कोळी बहुसंख्येच्या मतदारसंघात त्या समाजाबाहेरचा, व्यापारी घरातला माणूस अपक्ष म्हणून निवडून येतो, तेव्हा भूमिपुत्राचा प्रश्न निघणारच. तो निघाला आणि २०२४ मध्ये पुन्हा निघाला. मला तो प्रश्न खोटा वाटत नाही. ज्या गावांनी जमीन दिली त्यांना आपला माणूस विधानसभेत हवासा वाटणे न्याय्य आहे. पण हजारो भूमिपुत्रांनी आपले मत समाजाबाहेरच्या माणसाला दिले, हेही तितकेच खरे. त्यांना काय हवे होते, हे कुठल्याही पक्षाने आधी विचारले नव्हते.

शिकागोचा उन्हाळा

अमेरिकेतली प्रायमरीही याच प्रकारच्या रागातून जन्मली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे उमेदवार पक्षाचे 'बॉस' ठरवत. त्याला उत्तर म्हणून विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये थेट प्रायमरीचा कायदा झाला. अध्यक्षपदाच्या बाबतीत मात्र प्रायमरीला बराच काळ फारसा अर्थ नव्हता. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी पक्षाच्या अधिवेशनाने उमेदवारी विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांना दिली. रूझवेल्ट बाहेर पडले, वेगळा पक्ष काढून लढले, रिपब्लिकन मते फुटली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले.

निर्णायक वळण आले १९६८ मध्ये. व्हिएतनाम युद्धाने देश पेटला होता. युद्धविरोधी युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी प्रायमरी लढत होते. केनेडींची जूनमध्ये हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने एकही प्रायमरी न लढलेल्या ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना झोडपत होते. हम्फ्री हरले. त्यानंतर पक्षाने आयोग नेमून नियम बदलले आणि अधिवेशनातले प्रतिनिधी बहुतांश प्रायमरी किंवा कॉकसमधून, म्हणजे पक्षसदस्यांच्या स्थानिक सभांमधून, ठरू लागले.

दार उघडताच बाहेरचे आत आले. १९७२ मध्ये शर्ली चिझम ही अमेरिकी संसदेची कृष्णवर्णीय सदस्य अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढली. मोठ्या पक्षाची उमेदवारी मागणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. अधिवेशनात तिला १५२ मते मिळाली. आधीच्या बंद दालनांत तिचे नाव चर्चेलाही आले नसते. १९७६ मध्ये जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर आयोवाच्या कॉकसपासून गाव न गाव हिंडत पुढे आले आणि थेट अध्यक्ष झाले.

२०१६ मध्ये तर दोन्ही पक्षांत बाहेरच्यांचेच वर्ष होते. दीर्घकाळ अपक्ष राहिलेले बर्नी सँडर्स लहान लहान देणग्यांवर हिलरी क्लिंटन यांच्याशी शेवटपर्यंत लढले. पक्षाच्या बड्या मंडळींना मिळणारी 'सुपरडेलिगेट'ची मते क्लिंटन यांच्याकडे एकवटलेली पाहून त्यांचे समर्थक इतके संतापले, की २०१८ मध्ये पक्षाने त्या प्रतिनिधींचा पहिल्या फेरीतला मतदानाचा हक्क काढून घेतला. रिपब्लिकन पक्षात प्रमुख उमेदवार १७ होते. प्रस्थापितांचे आवडते जेब बुश यांच्यामागे शंभर दशलक्ष डॉलरहून मोठी गंगाजळी होती, तरी ते फेब्रुवारीतच बाहेर पडले. कधीही कुठलेही सरकारी पद न भूषवलेले डोनाल्ड ट्रम्प प्रायमरीतली सुमारे ४५ टक्के मते घेऊन उमेदवार आणि पुढे अध्यक्ष झाले. त्यांच्या पक्षातल्याच प्रायमरी मतदारांच्या निम्म्याहून अधिकांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिले होते. ती मते इतर अनेक उमेदवारांत विखुरली गेली.

बेळगावचे ठाणेदार, डेट्रॉईटचे खासदार

मराठी माणसाला प्रायमरी जवळून पाहायची असेल तर श्री ठाणेदार यांची वाटचाल पाहावी. चिक्कोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, मुंबईत शिकलेले आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात काही काळ काम केलेले ठाणेदार १९७९ मध्ये अमेरिकेला गेले. रसायनशास्त्रातली पीएचडी मिळवून त्यांनी प्रयोगशाळांचा व्यवसाय उभा केला. २००८ नंतरच्या मंदीत तो कोसळला, तेव्हा मिशिगनमध्ये त्यांनी पुन्हा शून्यातून उभारणी केली. 'ही श्रींची इच्छा' हे त्यांचे आत्मकथन महाराष्ट्रात घरोघरी वाचले गेले.

२०१८ मध्ये राजकारणाचा कुठलाही अनुभव नसताना ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले. स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर त्यांनी घातले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार सुमारे १८ टक्के मतांसह तिसरे आले. आपल्याकडे असा माणूस पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षात दिसला असता. ठाणेदार त्याच पक्षात राहिले. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले, आणि २०२२ मध्ये डेट्रॉईट परिसरातल्या मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून अमेरिकी संसदेच्या उमेदवारीची प्रायमरी जिंकली. उमेदवारांची गर्दी इतकी होती, की २८ टक्के मते जिंकायला पुरली. डेमोक्रॅटिक पक्षाचा तो हमखास मतदारसंघ असल्याने खरी निवडणूक तीच होती.

त्यातून उभा राहिलेला प्रश्न उरणकरांना ओळखीचा वाटेल. कृष्णवर्णीयांचे शहर असलेल्या डेट्रॉईटला कित्येक दशकांत प्रथमच संसदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. तिथेही लोकांनी विचारले की आमचा माणूस कुठे गेला. तिथले उत्तर असे होते, की समाजातली मते अनेकांत विभागली गेली आणि बाहेरचा माणूस पुढे निघून गेला. फरक एवढाच की डेट्रॉईटमध्ये हे पक्षाच्या मतदारांनी उघड मतदानात ठरवले, आणि पराभूतांना दोन वर्षांनी त्याच मैदानात पुन्हा उतरण्याची वाट खुली होती. २०२४च्या प्रायमरीत ठाणेदारांना पुन्हा आव्हान मिळाले. ठाणेदार तीही जिंकले.

पराभूताची शिस्त

अमेरिकी पद्धतीतला एक नियम आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. बहुतेक राज्यांत असा कायदा आहे, की प्रायमरीत हरलेला माणूस त्याच पदाच्या अंतिम निवडणुकीत अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येऊ शकत नाही. म्हणजे बंडखोरीला कायद्यानेच आळा. हा नियम कठोर आहे, पण न्याय्य वाटतो, कारण माणसाला आधी खरी संधी मिळालेली असते. आपल्याकडे पक्ष बंडखोराला सहा वर्षांसाठी निलंबित करतात आणि तो जिंकला की परत घेतात. ज्याला संधीच दिली नाही त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करण्याचा नैतिक हक्क पक्षाला उरत नाही.

कायद्याची गुंतागुंत पुढेही आहे. दहाव्या परिशिष्टानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात गेला तर त्याचे सदस्यत्व जाते. त्यामुळे उरणचा आमदार २०१९ ते २०२४ या काळात भाजपसोबत होता, पण कागदावर अपक्ष होता. २०२४ मध्ये बालदी कमळावर लढले. या वेळी फूट समोरच्या बाजूला पडली. महाविकास आघाडीतून ठाकरे गटाने मनोहर भोईर यांना उमेदवारी दिली, शेकापने प्रीतम म्हात्रे यांना. बालदींना सुमारे ९५ हजार मते मिळाली, म्हात्रेंना जवळपास ८९ हजार, भोईरांना सुमारे ७० हजार. विजय ६,५१२ मतांचा. दोन्ही वेळा विजेत्याच्या पाठीशी मतदान करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून थोडेच अधिक लोक होते. आघाडीतल्या दोघांपैकी कोण लढणार, हे आधीच मतदानाने ठरले असते तर निकाल काय लागला असता, हे सांगता येत नाही. पण विजेत्याला बहुमताच्या जवळ जावे लागले असते, एवढे नक्की.

उघड निवड हा रामबाण आहे, असे मी म्हणत नाही. २०१४ मध्ये राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या निवडक लोकसभा मतदारसंघांत पदाधिकाऱ्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यांत होते. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे निवडले गेले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. दोघेही लोकसभा हरले आणि प्रयोग गुंडाळला गेला. मत देणारे फक्त पदाधिकारी असतील आणि त्यांना पदे देणाराच इच्छुकाचा बाप असेल, तर पेटी आणून काय उपयोग? २०२४च्या विधानसभेपूर्वी भाजपनेही राज्यात पदाधिकाऱ्यांकडून पसंतीची तीन नावे बंद पाकिटात घेतली. ती पाकिटे कार्यकर्त्यांसमोर उघडून मोजली गेली नाहीत. अमेरिकेतही २०२४ मध्ये जो बायडेन यांनी प्रायमरी जिंकून जुलैत माघार घेतली आणि कमला हॅरिस एकाही प्रायमरीविना उमेदवार झाल्या. दार उघडले म्हणून ते उघडे राहतेच असे नाही.

खरा बाहेरचा कोण?

ट्रम्प, ठाणेदार, विशाल पाटील, बालदी या सगळ्यांना बाहेरचे म्हटले गेले. पण यांतला कुणीही रिकाम्या हाताने आला नव्हता. एकाकडे प्रसिद्धी होती, एकाकडे स्वतःचा पैसा, एकाकडे घराणे, एकाकडे संघटना. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६च्या निकालाने उमेदवाराच्या स्वतःच्या पैशाला मर्यादाच उरली नाही. त्यामुळे प्रायमरीचे दार श्रीमंतांना आधी उघडते.

उरणमध्ये यापेक्षा खूप बाहेर उभी असलेली माणसे आहेत. २००९पासून चार विधानसभा निवडणुका झाल्या आणि चारही वेळा पुरुष निवडून आला. करंजा-मोऱ्याच्या धक्क्यावर मासळीचा व्यवहार बाई सांभाळते, ८४च्या लढ्यात बायका आघाडीवर होत्या. तरी तिकिटाच्या यादीत त्यांचे नाव नसते. बंदरातला कंत्राटी कामगार, पुनर्वसनाची वाट पाहणारा कोळी, दोन एकर जमीन गेलेल्या घरातली शिकलेली मुलगी: हे खरे बाहेरचे. दिबांच्या काळात आंदोलनाच्या बळावर अशी माणसे आत येत. आज आंदोलन ओसरले आहे आणि त्या जागी दुसरी कुठलीच वाट आलेली नाही.

म्हणून मला जी प्रायमरी हवी आहे ती अमेरिकेची नक्कल नाही. पक्षाने निवडणुकीच्या वर्षभर आधी सदस्यांची यादी गावनिहाय जाहीर करावी. इच्छुकांनी जासई, चिरनेर, करंजा, उलवे अशा ठिकाणी एकाच व्यासपीठावर यावे. खर्चाला कडक मर्यादा असावी. विधानसभेच्या अंतिम निवडणुकीत उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, अंतर्गत निवडीत ती त्याच्या एका छोट्या हिश्शाइतकीच असावी. आघाडी असेल तर घटकपक्षांच्या सदस्यांनी मिळून मत द्यावे. आणि हे मतदान पसंतीक्रमाने व्हावे, म्हणजे २८ टक्क्यांवर कुणी जिंकणार नाही. आपल्याला हे नवे नाही. कोकण शिक्षक मतदारसंघात रायगडचे शिक्षक जांभळ्या पेनाने एक, दोन, तीन लिहून आमदार निवडतात. शेकापचे बाळाराम पाटील २०१७ मध्ये तसेच निवडून आले आणि २०२३ मध्ये त्याच पद्धतीने ज्ञानेश्वर म्हात्रे यांच्याकडून हरले. शिक्षकाला जे जमते ते मच्छीमार सोसायटीच्या सभासदालाही जमेल.

सुरुवात विधानसभेपासूनच करायला हवी असेही नाही. नगरपरिषदेचा एक प्रभाग, जिल्हा परिषदेचा एक गट एवढ्यावर हा प्रयोग करता येईल. सदस्य ओळखीचे, अंतर थोडे, खर्च नगण्य. ज्या पक्षाला जिंकायचे आहे त्याला त्यातून लोकांना खरोखर हवा असलेला उमेदवार मिळेल, आणि हरलेल्या इच्छुकाला गावासमोर मान खाली न घालता त्याच्या प्रचाराला जाता येईल. उरणच्या मतदाराने तिकीट ठरवण्याची आपली पात्रता २०१९ मध्ये सिद्ध केली. तो हक्क त्याला बंडखोरीशिवाय, वेळेवर आणि सन्मानाने मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची पहिली जबाबदारी त्याच्या दारात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाची आहे.